पायथॉनचं वेब ट्यूटोरियल बनवताना: आधी चुकीच्या उत्तरांची वही

तुम्ही विचारलंत ते असं: तालुक्याच्या गावी कॉलेजात तुम्ही पायथॉन शिकवता. लॅबमध्ये संगणक थोडे, मुलं जास्त, आणि बहुतेकांकडे स्वतःचं म्हणावं असं एकच यंत्र, फोन. लिंक उघडली की मराठीत धडा, खाली कोड लिहायची चौकट, बटण दाबलं की तिथल्या तिथे निकाल, असं ट्यूटोरियल तुम्हाला स्वतः बनवायचं आहे. एडिटर कोणता घ्यावा, कोड कुठे चालवावा, सर्व्हर लागेल का, आणि एकट्या माणसाला किती दिवस लागतील, असे तुमचे चार प्रश्न आहेत.

चारही प्रश्नांची उत्तरं देतो, पण क्रम बदलून. एडिटर आणि कोड चालवायची यंत्रणा या दोन्ही गोष्टी आज तयार मिळतात, त्याही फुकट. तयार मिळत नाही ती एकच गोष्ट: विद्यार्थ्याने चुकीचं लिहून बटण दाबल्यावर त्याला काय सांगायचं. बरोबर लिहिणारा ‘शाबास’ वाचतो आणि पुढे जातो. चुकलेला मात्र त्या क्षणी पडद्यापुढे एकटा असतो, आणि तुम्ही शेजारी नसता. तेव्हा पडद्यावर जे वाक्य येतं ते लिहिणं हे तुमचं खरं काम आहे. मी बारा-तेरा वर्षं अशी ट्यूटोरियल्स बनवतो आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ याच वाक्यांना दिला आहे.

एक अगदी साधा सराव घ्या: १ ते १० या संख्यांची बेरीज लूप वापरून करा. बरोबर उत्तर ५५. आता चुकीची उत्तरं बघू. (कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो.)

उत्तर ४५ आलं, तर लूपला आकड्यांची रांग देणारं ‘रेंज’ शेवटचा आकडा धरत नाही हे त्याच्या लक्षात आलेलं नाही. ६६ आलं, तर तो नियम त्याने ऐकला आहे, पण धास्तीपोटी ११ ऐवजी १२ लिहिलं आहे. ५६ आलं, तर ‘एकूण’ शून्याऐवजी एकापासून सुरू केलं. १० आलं, तर ‘एकूण’ शून्य करायची ओळ लूपच्या आत गेली आहे. दर फेरीला पाटी कोरी होते आणि शेवटी फक्त दहा उरतात. फंक्शन लिहायला सांगितलं असेल आणि उत्तर १ आलं, तर ‘रिटर्न’ लूपच्या आत सरकलं आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडलं. आणि १, ३, ६, १०, १५ अशी दहा ओळींची माळ आली, तर बेरीज अगदी बरोबर आहे, फक्त ‘प्रिंट’ची ओळ चार स्पेस आत आहे.

म्हणजे प्रत्येक चुकीच्या आकड्यामागे एक ठरावीक समज आहे. वर्गात तुम्ही वहीत डोकावून क्षणात ओळखता की पोरगं नेमकं कुठे अडलं. यंत्राला ते आपोआप कळत नाही. तुम्ही शिकवलंत तरच कळतं. ‘चूक. अपेक्षित ५५, मिळालं ४५’ असं छापणारं ट्यूटोरियल विद्यार्थ्याला जे दिसतंच आहे तेच पुन्हा सांगतं. ४५ साठी मी लिहिलेला संदेश असा आहे: ‘तुमची बेरीज दहाने कमी आली. लूपच्या आत आय (लूपमधली चालू संख्या) प्रिंट करून बघा. शेवटची फेरी कोणत्या संख्येची झाली?’ यात उत्तर हातात दिलेलं नाही, पण बघायचं कुठे ते दाखवलं आहे. आणखी एक बारकावा. ‘रेंज(१, १०)’ लिहिलं तरी ४५ येतं आणि नुसतं ‘रेंज(१०)’ लिहिलं तरी ४५च येतं, कारण शून्य मिळवून बेरीज बदलत नाही. त्यामुळे ‘तुम्ही एक ते दहा असं लिहिलंत’ असा ठपका ठेवणारा संदेश निम्म्या मुलांना चुकीचा वाटेल. कारण छातीठोकपणे सांगण्यापेक्षा ते त्याला स्वतःला सापडेल असा प्रश्न विचारा.

ही उत्तरं गोळा कशी करायची? संगणक उघडायच्या आधी, कागदावर. तुमच्याकडे वर्ग आहे, हे फार मोठं भांडवल आहे. पहिल्या आठ-दहा सरावांचे कागद मुलांना द्या, नाव न घालता सोडवायला सांगा, आणि घरी बसून चुकीच्या उत्तरांचे गठ्ठे लावा. गठ्ठे मोजकेच निघतात. दहा-बारा कागदांनंतर नवी चूक क्वचितच दिसते, त्याच त्या पुन्हा येत राहतात. वहीत प्रत्येक सरावाचं एक पान करा: डावीकडे चुकीचं उत्तर, मध्ये त्यामागचा समज, उजवीकडे तुम्ही वर्गात तोंडाने जे म्हणाल ते वाक्य, जसंच्या तसं. पुढे ही वहीच तुमची तपासणीची फाइल होते.

आता तपासणी. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे छापून आलेला मजकूर अपेक्षित मजकुराशी जुळवायचा. पहिल्या दोन-तीन धड्यांपुरतं ते चालतं, तेही ओळीच्या शेवटची रिकामी जागा काढून टाकली तर. पुढे ते अन्याय करतं. कुणी ‘बेरीज: ५५’ असं छान लिहितं, ते नापास होतं; कुणी सरळ ५५ हा आकडाच प्रिंट करतं, ते पास होतं. म्हणून शक्य तितक्या लवकर सराव फंक्शनच्या रूपात द्या: ‘एन दिला की १ ते एन ची बेरीज परत करा’. मग १०, १००, १ आणि ० देऊन तपासा. नुसता ५५ लिहिणारा आपोआप उघडा पडतो. एखादी हुशार मुलगी लूप न लिहिता सूत्राने उत्तर काढेल, आणि पायथॉन ३ मध्ये साध्या भागाकाराच्या चिन्हामुळे ते ५५ ऐवजी ‘५५.०’ असं येईल. मजकूर जुळवणारी तपासणी तिला ‘चूक’ म्हणेल. तिला आधी शाबासकी मिळायला हवी आणि मग दशांशाचं कारण. असे संदेश लिहायला जो वेळ जातो तो द्या.

‘लूप वापरलाच पाहिजे’ असं खरंच तपासायचं असेल, तर कोडमध्ये ‘फॉर’ हा शब्द शोधू नका. तो कॉमेंटमध्येही असू शकतो. पायथॉनमध्ये ‘एएसटी’ नावाचं मॉड्यूल सोबतच येतं. ते कोडची फोड करून त्याचं झाड देतं, त्या झाडात लूपची फांदी आहे का ते बघा.

तपासणीसाठी कोणत्या किमती, म्हणजे कोडला द्यायची कोणती माहिती, निवडता यावर धड्याचा जीव असतो. ‘जर–नाहीतर’ शिकवायला मी एसटीचं तिकीट घेतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, महिलांना अर्धं, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत. हे नियम मुलांना पाठ असतात, समजावत बसावं लागत नाही. आता बहुतेक मुलं पहिली अट लिहितात ती ‘महिला असेल तर अर्धं’. पंचवीस वर्षांची बाई, चाळिशीतला पुरुष, सत्तरीतले आजोबा, सगळे बरोबर येतात. अडकतात त्या ८० वर्षांच्या आजी. त्यांना मोफत प्रवास आहे, पण पहिल्याच अटीत त्यांचं अर्धं तिकीट फाटलं आणि पुढची अट कुणी वाचलीच नाही. तपासणीत आजी नसतील तर हा कोड पास होतो आणि अटींचा क्रम का महत्त्वाचा हे विद्यार्थ्याला कधीच कळत नाही. संदेश असा: ‘८० वर्षांच्या आजींचं तुम्ही अर्धं तिकीट फाडलंत. त्यांचा निकाल कोणत्या ओळीवर लागला?’ मी हा सराव कितीतरी वर्गांत बघितला आहे. आजींची ओळ लाल झाली की मुलं खुर्चीत पुढे सरकून वाचायला लागतात.

आता तुमचा सर्व्हरचा प्रश्न. पूर्वी इलाज नव्हता, अनोळखी माणसाचा कोड आपल्या सर्व्हरवर चालवावा लागायचा. त्यासाठी प्रत्येक कोडला वेगळ्या कंटेनरमध्ये (बाकी सर्व्हरपासून तोडलेल्या बंद जागेत) कोंडणं, मेमरी, वेळ आणि प्रोसेसची संख्या बांधून देणं, नेटवर्क तोडणं, हे सगळं आलं. एक मर्यादा विसरली की कुणीतरी स्वतःलाच पुन्हा पुन्हा जन्म देणारी प्रोसेस सोडतो आणि सर्व्हर झोपतो. गो भाषेचं अधिकृत ट्यूटोरियल, ‘टूर ऑफ गो’, असं सर्व्हरवर चालतं आणि त्यातली एक युक्ती मला फार आवडते. तिथल्या प्लेग्राउंडचं घड्याळ दर वेळी १० नोव्हेंबर २००९ च्या रात्री ११ वाजता, जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, सुरू होतं. गो भाषा जाहीर झाली तोच हा दिवस. वेळ बांधलेली असल्यामुळे तोच प्रोग्राम दर खेपेला तेच उत्तर देतो, आणि एकदा मिळालेलं उत्तर साठवून पुढच्या माणसाला देता येतं. आपल्यालाही यातून एक घ्यायचं आहे: सरावात यादृच्छिक संख्या असतील तर त्यांचं बीज (सीड) पक्कं करा, म्हणजे तपासणी आज एक आणि उद्या दुसरं सांगणार नाही.

तुम्ही मात्र सर्व्हर घेऊ नका. वेबअसेम्ब्ली, म्हणजे इतर भाषांमधले प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालवायची सोय, २०१७ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरमध्ये आलं आणि २०१८ मध्ये मोझिलामध्ये पायोडाइडचं, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या पायथॉनचं, काम सुरू झालं. ही पायथॉनची नक्कल नाही. नेहमीचं सीपायथॉनच, म्हणजे आपण संगणकावर वापरतो तेच मूळ पायथॉन, वेबअसेम्ब्लीत आणलेलं आहे. कोड विद्यार्थ्याच्याच फोनवर चालतो. तुमच्याकडे फक्त स्थिर पानं, ती कुठल्याही फुकट होस्टिंगवर बसतात. वर्गातल्या साठ मुलांनी एकदम बटण दाबलं तरी कुणावर भार नाही. किंमत एकच: पहिल्यांदा काही एमबी उतरवावे लागतात, आणि स्वस्त फोनवर सुरू व्हायला काही सेकंद लागतात. म्हणून पान उघडल्याबरोबर धडा वाचायला दिसू द्या, पायथॉन मागून येऊ द्या, आणि ते येईपर्यंत ‘हा कोड काय छापेल असं तुम्हाला वाटतं?’ असा अंदाजाचा प्रश्न द्या. पायथॉन लागतच नाही असा प्रश्न, म्हणून तो आधी. एकदा उतरलेल्या फाइल सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये मागे चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टने) साठवून ठेवल्या की दुसऱ्या दिवशी नेटवर्क नसतानाही धडा चालतो. अगदीच हलके फोन असतील तर मायक्रोपायथॉनची वेबअसेम्ब्ली आवृत्ती काहीशे केबींत बसते, पण तिच्यात ते ‘एएसटी’ मॉड्यूल नाही आणि त्रुटींचे संदेशही त्रोटक असतात. मी पायोडाइडच घेईन.

कधीही न थांबणारा लूप हा या सगळ्या यंत्रणेतला एकमेव खरोखर अवघड भाग आहे. ‘व्हाइल’ शिकवलंत की त्याच दिवशी निम्मा वर्ग मोजणी वाढवायची ओळ विसरणार. आणि दिलेला प्रोग्राम थांबेल की नाही हे आधीच सांगणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही, हे ट्युरिंगने १९३६ मध्येच दाखवून दिलं आहे. त्यामुळे आपल्या हातात घड्याळ लावणं एवढंच आहे. पायथॉन पानाच्या मुख्य धाग्यावर चालवलंत तर अख्खं पान गोठतं, ‘थांबवा’ बटणही दाबलं जात नाही, शेवटी मूल टॅब बंद करतं आणि लिहिलेला कोड जातो. सुरुवातीच्या काळात हे मी माझ्या डोळ्यांदेखत होताना बघितलं. अर्धा तास खपून लिहिलेलं गेल्यावर एका मुलीने फोन पालथा ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा उचलला नाही. तेव्हापासून दोन नियम. कोड चालवण्याआधी तो जतन करायचा, नंतर नाही. आणि पायथॉन नेहमी वेब वर्करमध्ये, म्हणजे पानापासून वेगळ्या, मागे चालणाऱ्या धाग्यावर, चालवायचं, म्हणजे पाच सेकंदांत उत्तर नाही आलं तर वर्करच बंद करून नवा उभा करता येतो.

वर्कर न मारता नुसता आतला कोड थांबवायचीही सोय पायोडाइडमध्ये आहे, पण तिला सामायिक मेमरी लागते. प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या दोषाच्या, २०१८ च्या स्पेक्टर प्रकरणानंतर ब्राउझर ती मेमरी विशिष्ट हेडर (पानासोबत सर्व्हरने पाठवायच्या सूचना) पाठवणाऱ्या साइटलाच देतात आणि बऱ्याच फुकट होस्टिंगवर ते हेडर लावता येत नाहीत. तेव्हा वर्कर मारा. छापण्यावरही बंधन घाला. न थांबणारा लूप आतून ‘प्रिंट’ करत असेल तर घड्याळ वाजायच्या आत लाखभर ओळी पानावर येऊन आदळतात. हजार ओळींनंतर थांबवा आणि सांगा: ‘तुमचा लूप थांबत नाहीये. व्हाइलच्या अटीतली किंमत लूपच्या आत कुठे बदलते ते दाखवा.’

‘इनपुट’चंही त्याच धाटणीचं दुखणं आहे. वर्करमध्ये ते सहज चालत नाही, कारण कोड मध्येच अडवून माणसाची वाट बघायची असते. मी सरळ चौकटीखाली आणखी एक छोटी चौकट देतो: ‘प्रोग्रामला द्यायची माहिती इथे आधीच लिहा, एका ओळीत एक’. मुलं एका मिनिटात शिकतात.

एडिटरचं उत्तर एका वाक्यात: कोडमिरर ६ घ्या. व्हीएस कोडमधला मोनॅको दिसायला देखणा आहे, पण मोबाइल ब्राउझरसाठी तो बनवलेलाच नाही, आणि तुमची मुलं मोबाइलवर आहेत. पण एडिटर निवडून काम संपत नाही, कारण फोनचा कीबोर्ड हा पत्र लिहायला बनवलेला असतो, कोड लिहायला नाही. तो वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, आणि पायथॉनला मोठ्या पी चा ‘प्रिंट’ ओळखू येत नाही. तो सरळ अवतरणचिन्हाचं सुबक वळणदार चिन्ह करतो, आणि पायथॉन त्यावर ‘सिंटॅक्स एरर’ म्हणतं. मूल पडद्याकडे बघतं, धड्यातला नमुना बघतं, अक्षर न अक्षर तेच आहे, तरी चूक. या क्षणी ‘हे आपल्याला जमणारं नाही’ असं त्याचं मत बनतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते. म्हणून आपोआप मोठं अक्षर, आपोआप दुरुस्ती आणि शुद्धलेखन तपासणी एडिटरमध्ये बंद करा, आणि वळणदार अवतरणचिन्ह टाइप झालं की तिथल्या तिथे सरळ करून टाका, गाजावाजा न करता. कीबोर्डच्या वर एक पट्टी द्या: कंस, कोलन, अवतरण, बरोबरचं चिन्ह, आणि चार स्पेस आत सरकवणारं बटण. फोनवर कोलन शोधायला तीन ठिकाणी बोट न्यावं लागतं. पायथॉनमध्ये ते दर दुसऱ्या ओळीला लागतं.

मराठी कीबोर्डचं एक वेगळंच आहे. मूल देवनागरी अंकात १२ लिहितं. तेच १२ जर इनपुटमधून मजकूर म्हणून आलं आणि ‘इंट’मध्ये घातलं, तर पायथॉन ते निमूट ओळखून बाराच देतं. पण कोडमध्ये थेट लिहिलं तर सिंटॅक्स एरर. एकाच अंकाला दोन न्याय, आणि इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये याचा उल्लेख क्वचितच सापडतो. कोड चालवायच्या आधी तपासा: अवतरणाबाहेर देवनागरी अंक दिसला तर सांगा, ‘कोडमध्ये इंग्रजी अंक लागतात’. हे मात्र परस्पर बदलू नका. वळणदार अवतरणचिन्ह हा कीबोर्डचा दोष होता, तो आपण निस्तरला. अंकांचा हा नियम मात्र त्याला माहीत व्हायला हवा.

व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. ‘एकूण = दर * नग’ ही ओळ पायथॉन ३ मध्ये आहे तशी चालते. मुलांनी वाचायच्या आणि अंदाज बांधायच्या कोडमध्ये मी मराठी नावं मुक्तपणे वापरतो, अर्थ पटकन कळतो. टाइप करायच्या कोडमध्ये नाही, कारण दर ओळीला कीबोर्डची भाषा दोनदा बदलावी लागते.

आणि मजकूर उलटा करण्याचा सराव. ‘शब्द उलटा वाचला तरी तोच येतो का?’ हा प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. मराठी मूल लगेच ‘ती होडी जाडी होती’ घालून बघतं. शाळेत सगळ्यांनी म्हटलेलं असतं. स्पेस काढून टाकल्या तरी पायथॉन म्हणतं, नाही, हे उलटसुलट सारखं नाही. कारण पायथॉन अक्षरं नाही, कोडबिंदू (युनिकोडमधली एकेक खूण) मोजतं: ‘ती’ म्हणजे त आणि वेलांटी असे दोन. उलटं केल्यावर वेलांटी सगळ्यात पुढे येते. ‘नमस्ते’ची लांबीही याच हिशेबाने सहा येते, आपल्याला ती तीन अक्षरं वाटतात. इथे मूल बरोबर आहे आणि सरावच अपुरा आहे. मी हा सराव आधी इंग्रजी शब्दांवर देतो, आणि मग मुद्दाम ही होडी देऊन विचारतो की असं का झालं असेल. अक्षर म्हणजे काय, यावर या एका ओळीने जितकी चर्चा वर्गात होते तितकी दुसऱ्या कशानेच झालेली मी बघितलेली नाही.

पायथॉनचे स्वतःचे त्रुटीसंदेश मराठीत करावेत का? मूळ इंग्रजी ओळ ठेवा, खाली मराठीत अर्थ द्या. उद्या नोकरीत त्याला इंग्रजी ओळच दिसणार आहे, तेव्हा ती ओळखीची हवी. २०२१ मध्ये आलेल्या पायथॉन ३.१० पासून हे संदेश पुष्कळ सुधारले आहेत. कंस उघडा राहिला तर कोणता ते आता सांगतात, पूर्वी भलत्याच पुढच्या ओळीवर बोट ठेवायचे. एक खड्डा टाळा: तपासणीसाठी तुम्ही विद्यार्थ्याच्या कोडच्या आधी स्वतःच्या काही ओळी चिकटवल्यात, तर त्रुटीसंदेशातला ओळक्रमांक तेवढ्याने पुढे सरकतो. पाच ओळींच्या कोडमध्ये ‘ओळ १७ वर चूक’ वाचून मूल बिचारं शोधत बसतं. तुमचा कोड आणि त्याचा कोड वेगवेगळे चालवा.

धड्याच्या भाषेबद्दल माझं ठाम मत आहे. व्हेरिएबल, लूप, फंक्शन, लिस्ट हे शब्द तसेच ठेवा, क्रियापदं मराठी ठेवा. ‘चलाला मूल्य प्रदान करा’ असं कुणी बोलत नाही. ‘व्हेरिएबलमध्ये किंमत ठेवा’ असं बोलतात. लिहिलेलं मोठ्याने वाचून बघा, वर्गात तोंडातून निघेल तेच पानावर हवं. धडा लहान ठेवा: वाचायला चार-पाच ओळी, मग करायला एक गोष्ट. आणि पहिलीच गोष्ट ‘लिहा’ नसावी. आधी तयार कोड काय करेल ते ओळखायचं, मग चालवून बघायचं, मग एक आकडा बदलायचा, आणि त्यानंतर कोरी चौकट. स्यू सेन्टन्स यांची प्रिम नावाची पद्धत याच क्रमाची आहे. फोनसाठी आणखी एक प्रकार फार उपयोगी: बरोबर कोडच्या ओळी उलटसुलट द्यायच्या आणि बोटाने ओढून क्रम लावायला सांगायचं. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये हे कोडी घालणं मांडलं. एकही अक्षर टाइप न करता मूल लूपची रचना शिकतं.

धडे साध्या मजकूर-फाइलमध्ये ठेवा, यंत्रणेपासून वेगळे, आणि मुक्त परवान्याने द्या. रुबी भाषेचं ‘ट्राय रुबी’ हे या प्रकारातलं आद्य ट्यूटोरियल म्हणता येईल. ‘दोन अधिक सहा’ टाइप करायला लावून ते सुरू व्हायचं आणि पहिल्या मिनिटात माणूस रुबीशी बोलायला लागायचा. त्याचा कर्ता ‘वाय द लकी स्टिफ’ या टोपणनावाने वावरायचा. ऑगस्ट २००९ मध्ये तो एकाएकी जालावरून नाहीसा झाला आणि त्याच्या साइटही गेल्या. इतरांनी ‘ट्राय रुबी’ पुन्हा उभं केलं, म्हणून ते आजही आहे. तुमची बदली झाली तरी पुढच्या शिक्षकाला तुमचे धडे उघडता आले पाहिजेत.

लॉगिन ठेवू नका. प्रगती विद्यार्थ्याच्या ब्राउझरमध्येच साठवा, आणि सोबत ‘माझी प्रगती फाइलमध्ये उतरवा’ असं बटण द्या, कारण सात दिवस वापर न झालेल्या साइटने साठवलेली माहिती सफारी पुसून टाकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली जाते आणि तिचा डेटा घ्यायला पालकांची संमती लागते. तुमचे डिप्लोमाचे कितीतरी विद्यार्थी त्याच वयाचे असतील. नावच घेतलं नाही तर हा प्रश्न उरत नाही. कोणत्या सरावात कोणतं चुकीचं उत्तर आलं एवढीच निनावी नोंद घ्या. ती वहीच्या कामाची आहे.

आणि दिवस. कोडमिरर, वर्कर आणि पायोडाइड जोडून कोड चालणारं साधं पान, जावास्क्रिप्ट येत असेल तर दोन-तीन शनिवार-रविवारांत होतं. पहिला पूर्ण धडा, म्हणजे पाच-सहा सराव, त्यांच्या किमती आणि सगळे चुकांवरचे संदेश, याला मला आजही दोन आठवडे लागतात. तो झाला की तीन मुलांना द्या आणि मागे उभे राहून बघा, तोंडातून शब्द काढू नका. बोट कुठे थांबतं तिथे वहीत खूण करा. त्या खुणा निस्तरल्यावर पुढचे धडे चार-पाच दिवसांत एक या गतीने होतात. आता सुरुवात केलीत तर नव्या वर्गासाठी प्रिंटपासून फंक्शनपर्यंतचे आठ धडे तयार होतील. फाइल हाताळणं आणि क्लास पुढच्या वर्षावर टाका.